गेंदालालचा ‘कल’

“खरं कोणी मानणार नाही, पण सांगतो,” मुरलीधरनं गच्चीवरच्या उन्हात खुर्ची पुढे ओढली. “एकाहत्तरच्या लढाईत शत्रूनं अख्ख्या जबलपुरात नेम धरून एकच बॉम्ब टाकला. लष्कराच्या फॅक्टरीवर नाही, रेल्वेच्या पुलावर नाही. माझ्या या उजव्या कानात. अन् बॉम्ब केवढा? दोन अक्षरांचा. ‘कल’. तेवढ्यानं तुझ्या आजीचं इंजिनिअरिंग कॉलेज जमीनदोस्त!”

ही सुरुवात त्याची ठरलेली होती. त्रेपन्न वर्षांत त्यानं ती पंगतींत सांगितली होती, बारशांत सांगितली होती, फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये मराठी मंडळींत चहाच्या ग्लासावर बोटं शेकत सांगितली होती, आणि दर वेळी ‘जमीनदोस्त’वर माणसं हसली होती. आताही विभावरी हसली. त्याच्या बहिणीची, प्रतिमाची नात, वय सतरा, मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र निम्मं हिंदीत घसरायचं. हसली, पण नुसती तोंडानं. डोळे मांडीवरच्या प्रवेशपत्रावर होते. उद्या तिची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा होती. रिछाईतल्या कारखान्यांमध्ये कुठंतरी कॉम्प्युटरचं सेंटर होतं, तिथं, आणि सकाळी साडेआठला गेट बंद. तिच्या आईबापांना ऑफिस होतं, तेव्हा तिला रिक्षानं पोहोचवायचं काम मुरलीधरकडे आलं होतं, आणि ते दिलं होतं प्रतिमानं. “दादा सोडून येईल,” पनागरच्या मटारची पिशवी परातीत उपडी करता करता ती सकाळी सुनेला म्हणाली होती. किती सहज म्हणाली. जशी काही या घरात परीक्षेची गोष्ट त्याच्या हवाली करायची पहिलीच वेळ. मुरलीधर तेव्हा दाढी करत होता. ब्लेड हनुवटीखाली थांबलं, आणि आरशातल्या पंचाहत्तर वर्षांच्या साबणभरल्या तोंडाकडे बघताना त्याला वाटलं, हा माणूस कोणाला कुठं वेळेवर पोहोचवील असं दिसत नाही.

पण खरा झटका बसला तो दुपारी, आणि तो याहून लहान होता. जेवणं झाल्यावर विभावरी गच्चीवर आली, आजीच्या परातीतून मटारचे चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि म्हणाली, “मुरलीआजोबा, माझा पेपर कल आहे न, आता पढाई नाही होत. तुमची ती कलवाली गोष्ट सांगा न.” माझा पेपर कल आहे. एवढंच. पोरीच्या मराठीत हिंदी शब्द काय पहिल्यांदा आला? पण मुरलीधरला आज तो खटकला. तिच्या वाक्यात तो शब्द आपलं ‘आहे’ बरोबर घेऊन आला होता, शहाण्या मुलानं दप्तर घेऊन यावं तसा. त्याच्या गोष्टीत मात्र तो नेहमी एकटाच यायचा. नुसता ‘कल’. पुढं काही नाही, मागं काही नाही. शेपूट तोडलेला. कोणी तोडलं ते शेपूट? त्यानंच. इतक्या वर्षांपूर्वी की तोडलेली जागा आता त्याची त्यालाही सापडली नसती.

“तर गेंदालाल,” तो म्हणाला. “कॉलेजचा शिपाई. उंची सात फूट. सायकलवर बसला की गुडघे कानाला लागत.”

“पिछली बार छह फुट था,” विभावरी म्हणाली.

“थंडीत वाढतो तो,” प्रतिमा मटार सोलता सोलता म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. अंगठ्यानं शेंगेचं पोट दाबायचं, दाणे परातीत, टरफल डावीकडच्या कागदावर. सत्तरीतही तिची बोटं अशी नेमकी चालत की बघत राहावं. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बोटं. खडू धरायचीही हीच तऱ्हा होती.

गेंदालाल सात फूट नव्हता. गेंदालाल मुरलीधरच्या खांद्याला लागत होता, त्याच्या अंगात कोणा साहेबाचा टाकलेला खाकी कोट होता आणि कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत उतरलेल्या होत्या. डिसेंबरातली नववी तारीख. लढाई लागून आठवडा होत आलेला. मुरलीधरला फॅक्टरीत बारा-बारा तास काम, आणि गेटातून बाहेर पडलं की रस्त्यावर दिवे नाहीत, सायकलींच्या दिव्यांना काळा रंग फासलेला, माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखून राहिलेली. विद्यार्थ्यांच्या संपापायी त्या वर्षीची प्रवेश परीक्षा आधीच सहा महिने मागं पडली होती. ती डिसेंबरात ठरली तर लढाईनं पुन्हा लांबणीवर पडली, ‘पुढील सूचनेपर्यंत’. आणि आता कॉलेजची इमारत जखमी सैनिकांसाठी लागणार अशी बातमी आल्यावर घाईघाईनं ती उरकून घ्यायचं ठरलं होतं. गावातल्या मुलांना निरोप द्यायला शिपाई सायकलींवर पिटाळले होते. त्यांच्या राइट टाउनच्या घरापर्यंतची एक चक्कर वाचावी म्हणून गेंदालाल फॅक्टरीच्या गेटाशी मुरलीधरची वाट बघत उभा राहिला होता. “भैया, बहन को बोल देना, परीक्षा कल है, दस बजे. मेरा एक फेरा बचा दो.” मग कोटातून यादी काढली. यादीला सुतळीनं पेन्सिल बांधलेली होती. “यहाँ दस्तखत.” अंधारात कागद सायकलच्या सीटवर ठेवून मुरलीधरनं सही केली. स्वतःची नाही, प्रतिमाची. प्र, ति, मा. सीटच्या चामड्याखाली स्प्रिंग होती म्हणून ‘मा’ वाकडा उठला होता. हे गोष्टीत कधी आलं नाही. गोष्टीतला गेंदालाल कधी घोडागाडीतून यायचा, कधी विमानाच्या आवाजाला घाबरून नाल्यात पडायचा आणि नाल्यातूनच निरोप ओरडायचा. आणि शेवटी दर वर्षी वेगळ्या कारणानं मरायचा. कावीळ, साप, देवी. पण त्याच्याजवळ यादी कधी नसायची.

“अच्छा, मग?” विभावरी आता पाय वर घेऊन बसली होती.

“मग काय! तो मला म्हणतो, ‘परीक्षा कल’. अन् मी कोण? मराठी माणूस. हिंदीचा कल उद्याही असतो अन् कालही; आपल्यात काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. मला वाटलं, गेली बाप्पा परीक्षा, काल झाली! आता घरी जाऊन या पोरीला काय सांगू? रडून रडून नर्मदेला पूर आणेल. म्हणून मी गप्प बसलो. दयेपोटी! आहे का असा भाऊ जबलपुरात?”

“नाही,” प्रतिमा म्हणाली. विभावरी आता खरोखर हसली, आणि त्या हसण्यानं मुरलीधरला जरा ऊब आली. हसणाऱ्या माणसापुढं त्याला नेहमीच निर्दोष वाटायचं. हसणं थांबलं की पुन्हा तो आणि ती सुतळीची पेन्सिल.

गप्प बसलो, हे खरं होतं. गोष्टीतले तेवढे दोनच शब्द खरे, आणि तेच त्यानं सर्वांत मोठ्या खोटेपणानं सांगितलेले. त्या संध्याकाळी सायकल ढकलत तो निघाला तेव्हा निरोप त्याच्या ओठांवर होता. नाही म्हणायचं कारण नाही, सांगायचाच होता. फाटकापासून ओरडायचं असंही त्यानं ठरवलं होतं, ‘पगले, उद्या परीक्षा!’ तिची उडालेली धांदल त्याला आधीच दिसत होती. एकदा, फक्त एकदाच बसायची परवानगी होती तिला. बापूसाहेबांनी, त्यांच्या वडिलांनी, जेवताना अट घातली होती. “लागलीस तर शिकवीन. नाही लागलीस तर मे महिन्यात नागपूरच्या स्थळाला हो म्हणायचं, अन् मग रडायचं नाही.” तिनं मान हलवली होती आणि आमटी वाढून घेतली होती. मुरलीधर त्याच परीक्षेला दोनदा बसून दोनदा पडला होता. तिसऱ्यांदा बापूसाहेबांनी कॉलेजचा फॉर्म आणलाच नाही. फॅक्टरीतल्या अप्रेंटिसचा आणला. काही बोलले नाहीत. फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्म्याची डबी, उडू नये म्हणून.

घरात खिडक्यांना काळे कागद डकवलेले होते, बल्बला पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून ताटाएवढा उजेड जमिनीवर पडे आणि त्या ताटात पुस्तक धरून प्रतिमा पालथी पडून गणितं सोडवत असे. मुरलीधर आत आला तेव्हा ती आईला पाणी काढून द्यायला मागं गेली होती आणि पुस्तक उजेडात एकटंच उघडं होतं. पुस्तक त्याचं होतं. तिनं कधी नवीन मागितलं नव्हतं. दोन वर्षं त्याचीच वापरत होती. त्यानं बूट काढता काढता सहज वाकून पाहिलं. पानावर त्याची जुनी गणितं होती, निळ्या शाईत, मोठ्या ऐटबाज अक्षरात, उत्तराखाली दोन-दोन रेघा ओढलेल्या. आणि प्रत्येक उत्तराशेजारी, समासात, अगदी बारीक पेन्सिलीनं दुसरं उत्तर. बरोबर उत्तर. फुली कुठं नव्हती. ‘चूक’ असं कुठं नव्हतं. पेन्सिल इतकी हलकी होती की बोट फिरवलं तर पुसली जावी. त्याला दिसलंच कधी तर चटकन खोडता यावं, म्हणून. त्यानं पान उलटलं. पुढच्या पानावरही. आणखी पुढं. दोन वर्षं ती त्याच्या चुकांवरून अशी पावलं न वाजवता चालत गेली होती, झोपलेल्या माणसाच्या उशाशी चालावं तशी. फुली मारली असती तर त्यानं तोंडभर शिव्या दिल्या असत्या, वेणी ओढली असती आणि त्या भरात निरोप सांगूनही टाकला असता. हा विचार त्यानं नंतर हजार वेळा केला. फुलीवर रागावता येतं. त्या पेन्सिलीवर कसं रागावायचं?

“दादा, आलास? आज उशीर काहून?” ती पदराला हात पुसत आली. तेव्हा नवीनच साडी नेसायला लागली होती. पदर सारखा घसरे. “परीक्षेचं काही कळलं का रे?”

म्हणजे तिनं विचारलं होतं. गोष्टीत ती कधी विचारत नाही.

“लढाई चालू आहे, परीक्षा कसली,” तो म्हणाला. जेवण झाल्यावर सांगू, असं तेव्हा त्याच्या मनात होतं. हेही खरं होतं का? जेवण झालं. हात धुताना सांगू. हात धुतले. बापूसाहेब रेडिओला कान लावून बसले होते, बातम्या संपल्यावर सांगू. प्रत्येक वेळी निरोप थोडा थोडा जड होत गेला, आणि मग असा एक क्षण आला की आता सांगितलं असतं तर ‘मघाशी का नाही सांगितलंस’ याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. कोणी मोठा गुन्हा करायला बसतं का? तो नुसता सतरंजीवर बसला होता. धुतलेल्या बोटांना अजून पोळीच्या तुपाचा वास होता. मराठीत कल म्हणजे मनाचा ओढा. तासाभरात त्याचं मन एका बाजूला किती झुकलं हे कोणाला दिसलं नाही, त्यालाही नाही. ताट कलंडलं की पाणी कसं आवाज न करता एका काठाला जातं, तसं झालं. सकाळी सहाला तो पाळीवर निघाला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. तो दारात थांबला. बराच थांबला. मग कडी हळूच लावून घेतली. दहा वाजता तो लेथवर होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, दहा. पाच मिनिटांनी पाहिलं. अकराला पाहिलं. त्या दिवशी त्याच्या हातून एकशे चाळीस नग गेले आणि तपासणीत एकही परत आला नाही. फोरमननं पाठ थोपटली. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा दिवस पुन्हा आला नाही.

“मग कळलं कसं आजीला?” विभावरीनं विचारलं. ही तिची ठरलेली जागा होती. तिथं ती दर वेळी विचारायची.

“शरच्चंद्र! शेजारचा. तोही बसला होता परीक्षेला. संध्याकाळी आला, नाक हे एवढं लांब करून. म्हणतो, ‘प्रतिमा पेपरला काहून नाही आली? तुमचा निरोप तर मुरलीकडे दिला म्हणत होता गेंदालाल.’ घरात अशी शांतता झाली, की मांजर दूध पिऊन राहिली होती तिची जीभ ऐकू आली!”

मांजर नव्हती. शांतता होती. बापूसाहेब खुर्चीतून उठले होते आणि त्यांचा हात वर गेला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मुरलीधरनं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांमागून, कुठून आलं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघालं, “तो ‘कल’ म्हणाला. मला वाटलं काल झाली.” असलं थोतांड कोण मानणार? जबलपुरात जन्मलेला मुलगा, हिंदीत भांडणारा, हिंदीत गल्लीतल्या पोरींना बघून गाणी म्हणणारा. त्यानं वाट पाहिली. गालावर चपराक बसायची वाट पाहिली. बसली असती तर बरं झालं असतं. पण हसू ऐकू आलं. प्रतिमा हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. “बापू, मारू नका त्याला,” ती म्हणाली. “दादाचं हिंदी पहिल्यापासून कच्चं. अन् शब्दच मेला तसा आहे.” म्हणजे गोष्ट त्याची नव्हतीच. पहिल्यांदा ती तिनं सांगितली होती, त्याच्यावर उगारलेला हात खाली यावा म्हणून. त्यानं फक्त ती उचलली आणि पुढं रंगवत नेली. मे महिन्यात तिच्या लग्नात नागपूरच्या पाहुण्यांना हसवायला तीच सांगितली. नवरीही हसली. तिच्या हातातल्या नारळावर हळदीचे डाग होते. नंतर ती शिक्षिका झाली, आई झाली, विधवा होऊन मुलासह याच माहेरच्या घरात परत आली. आणि इतक्या वर्षांत त्या परीक्षेबद्दल तिनं त्याला एक शब्द विचारला नाही. दर रक्षाबंधनाला राखी बांधली. मुरलीधरला कधी कधी वाटे, हिला सगळं माहीत आहे. मग वाटे, नाही. माहीत असतं तर हे असं मटार सोलणं जमलं असतं का? आणि हे दुसरंच वाटणं जास्त छळायचं. तिनं विश्वास ठेवला होता. पंचाहत्तर वर्षांत त्याच्या एवढ्या थापा माणसांनी ऐकल्या, टाळ्या दिल्या, खोट्या म्हणून सोडून दिल्या. आणि खरी मानली गेली ती नेमकी ही एक.

आज सांगून टाकावं. उन्हात खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला अगदी सोपं वाटलं. उद्या पोरीला सेंटरवर नेण्याआधी. प्रतिमा, तेव्हा मला कळलं होतं, एवढंच. किती शब्द होतात? पाच. तिच्या शेंगा आता संपत आल्या होत्या. परातीत हिरवा ढीग झाला होता, एकही दाणा फुटलेला नाही.

“एक मिनट, मुरलीआजोबा.” विभावरीनं कपाळाला आठ्या घातल्या होत्या, गणित सोडवताना घालायची तशा. “गेंदालाल हिंदीत बोलला न?”

“मग काय संस्कृतात?”

“फिर असं नुसतं ‘परीक्षा कल’ कोणी नाही बोलत. अधूरा लगता है. पुढं कुछ तो बोलला असेल. ‘कल है’ बोलला का ‘कल थी’?”

कोणी कधी विचारलं नव्हतं. ज्यांच्यात बसून तो हसवायचा त्यांच्या कानांना तो शब्द मराठीच होऊन पोहोचायचा. ही पोर हिंदीतून ऐकत होती, आणि तिला शेपटाची जागा दिसली होती. मुरलीधरचं तोंड उघडलं. ते पाच शब्द तिथंच होते, जिभेच्या मुळाशी, रांगेत. त्याला हलकंही वाटलं, कोणीतरी दार आपणहून उघडून धरावं तसं. पण त्याची जीभ त्याच्यापेक्षा जुनी खेळाडू होती. ती आधी निघाली.

“भोंगा, बेटा, भोंगा!” तो ओरडला आणि त्यानं दोन्ही हात आभाळाकडे फेकले. “तीच तर खरी गंमत, सांगायची राहून गेली! गेंदालालनं म्हणायला तोंड उघडलं, ‘परीक्षा कल…’ अन् नेमका फॅक्टरीचा सुटीचा भोंगा सुटला. भोंऽऽऽ! ‘है’ का ‘थी’, ते भोंग्यानं गिळलं. गेंदालालचे ओठ हलून राहिले, आवाज नाही. मी आपली मान हलवली.”

चांगलं जमलं होतं. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही याचं त्यालाच नवल वाटलं. विभावरी टाळी वाजवून हसली, “क्या बात है!” आणि तो तिच्याबरोबर हसत हसतच प्रतिमाकडे वळला, तिच्याही वाट्याचं हसू घ्यायला.

प्रतिमा त्याच्याकडे बघत होती.

“दादा,” ती म्हणाली, “लढाईत सुटीचा भोंगा बंद होता.”

“असेल बाई. एखादे दिवशी वाजला असेल.”

“नाही. भोंगा वाजला म्हणजे हल्ला, असं ठरलं होतं तेव्हा. सुटी कधी झाली ते कळायचं नाही. तुझ्यासाठी आई पोळ्यांचं पीठ झाकून बसून राहायची. त्या दिवशी पण बसली होती.”

“मतलब?” विभावरीनं एकदा आजीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. “आजी, मतलब काय?”

प्रतिमानं हातातली शेंग न सोलता खाली ठेवली.

“म्हणजे ‘है’ ऐकलं होतं यानं.”